सळईचा काय दोष?



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता. तुमच्याकडेही आला असेल, अशा संदेशांना गावाची वेस नसते. सळईत भाजी टोचून निखाऱ्यावर भाजणं ही मांसाहाऱ्यांची रीत आहे, श्रावकाच्या घरात सळई आणि जाळीची शेगडी येताच कामा नये, आणि जी आई मुलांना हे घरी करून घालते ती त्यांना उद्याच्या कबाबाची सवय लावते, असा मजकूर. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. 'अगदी खरं बोललात आक्का', असं तिघी-चौघींनी लिहिलेलं.

मी दोन दिवस गप्प बसले. कारण ती 'जी आई' म्हणजे मीच होते. महिन्यापूर्वी परसात केलेल्या सळयांचा फोटो मीच त्या ग्रुपवर टाकला होता. नाव न घेता बोलण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण ज्याचं त्याला कळतं.

आता उत्तर देते, आणि जरा सविस्तर देते. राग आला म्हणून नाही असं म्हणणार होते, पण थोडा आलाय.

आधी त्या संदेशातलं जे खरं आहे ते मान्य करते. सळईवर भाजण्याची रीत शिकारीतूनच आली. संस्कृतात 'शूल्य' हा शब्दच मुळी शूळावर भाजलेल्या मांसासाठी आहे. 'कबाब' हा शब्द कुठून आला आणि कशासाठी आला हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा सळई बघून एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर काटा आला तर मी तिला हसणार नाही. माझ्या सासूबाईंच्या अंगावर आला होता. मी सळया आणल्या त्या दिवशी त्यांनी काही न बोलता आपलं ताट आणि लोटी मांडणीवरून उचलून देवघराशेजारच्या फळीवर नेऊन ठेवली. आमच्या घरात हे फार मोठं बोलणं असतं.

तरीही मी सळया परत केल्या नाहीत. का, ते सांगते.

माझा धाकटा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला घरी आला होता तेव्हा ऑफिसच्या पार्टीचं वर्णन करत होता. टेबलाच्या मधोमध निखाऱ्याची शेगडी असते, वाढपी सळया आणून लावत राहतो, ज्याला जे हवं ते त्यानं काढून घ्यायचं. मी विचारलं, 'सगळ्यांना मिळून एकच शेगडी?' म्हणाला, 'हो, एका बाजूला आमचं पनीर, दुसऱ्या बाजूला त्यांचं चिकन. पण मी जैनच सांगतो गं मम्मी, कांदा-लसूण नाही घालत ते.' आणि वरून मसाला लावायचा ब्रश? तो एकच. टेबल किती वाजता मिळालं? साडेनऊला.

मैत्रिणींनो, पोरगं लपवत असतं तर मला इतकं लागलं नसतं. लपवणाऱ्याला निदान चूक कुठे आहे ते माहीत असतं. हा तर मोकळेपणानं सांगत होता, थोडा अभिमानानंच, की बघ, मी तिथेही धर्म पाळला. एकाच जाळीवर शेजारची चरबी निखाऱ्यात टपकतेय, तिचा धूर याच्या पनीरला लागतोय, आणि हा म्हणतोय मी जैन खाल्लं.

हे त्याला कुणी शिकवलं? शेगडीनं शिकवलं नाही. आपण शिकवलं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण 'जैन' या शब्दाचं काय करून टाकलंय ते बघा. हॉटेलच्या मेनूकार्डावर एक छोटी चौकट असते, 'जैन मिळेल'. म्हणजे कांदा, लसूण, बटाटा काढून तीच भाजी. त्या चौकटीनं आपल्या मुलांचा सगळा श्रावकाचार गिळला. वेळ गेली, गाळलेलं पाणी गेलं, मर्यादा गेली, भांडं कुणाचं हा प्रश्न गेला, मनातला भाव तर कधीच गेला. उरली एक वजाबाकी. आणि ही वजाबाकी झाली की आपण निर्धास्त. मुलगा रात्री दहाला बाहेर खाऊन आला तर आपण विचारतो, 'जैनच खाल्लंस ना रे?' 'हो' म्हणाला की दिवा मालवतो. त्या ग्रुपवर हात जोडणाऱ्या किती जणींच्या घरी हे होत नाही, त्यांनी मनाशी सांगावं. मला सांगू नका.

मागच्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांच्या गच्चीवर 'जैन बार्बेक्यू' होतं. आमंत्रणावर तसंच छापलं होतं. मी गेले. सळयांवर ढोबळी मिरची, पनीर आणि मश्रूम. मश्रूम! अळंबी अभक्ष्य आहे हे माझ्या आईला शाळेत न जाताही माहीत होतं, पण त्यात कांदा नाही ना, मग ते 'जैन'. मसाला होता दही आणि भाजलेल्या बेसनाचा. दही आणि डाळीचं पीठ म्हणजे सरळ सरळ द्विदल; दहीवडा आपण का करत नाही ते मग मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार? कढीसाठी काही घरांत दही तापवून मग पीठ घालायची रीत आहे, त्यांनी आपल्या गुरूंना विचारून ठरवावं. या मसाल्यात मात्र दही कच्चंच असतं. वरून ब्रशनं लोणी, तेही दुकानातून आणलेलं. लोणी अंतर्मुहूर्ताच्या पुढे अभक्ष्य होतं, आणि अंतर्मुहूर्त म्हणजे जेमतेम ४८ मिनिटं. दुकानातल्या वडीला किती दिवस झालेत ते तिच्या कागदावरच छापलेलं असतं. अननसाच्या फोडींना चकाकी यावी म्हणून लावलं होतं मध. मद्य, मांस, मधु, या तिन्हींचा त्याग म्हणजे आपल्या मूलगुणांची पहिली ओळ, आणि तिसरं तिथं ब्रशनं लावत होते.

वेळ रात्रीची साडेआठची. गच्चीवर दिव्यांच्या माळा. उन्हाळ्याच्या दिवसांत दिव्याभोवती किती चिलटं, पतंग जमतात ते मी सांगायला नको. ते निखाऱ्यात पडत होते, जाळीवर पडत होते. चट् असा आवाज यायचा. माझ्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, 'काकू, खा ना, जैनच आहे.'

त्या रात्रीविषयी कुठल्याही ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. तिथे हात जोडणाऱ्यांपैकी निदान दोघी जेवायला होत्या. आणि मी दिवसाउजेडी, घरच्या परसात, कच्ची केळी भाजली तर धर्म बुडाला.

काही जणी म्हणतील, पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच आणतो आम्ही. ठिपका सरकारचा आहे, श्रावकाचाराचा नाही. मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो. लसणाच्या पेस्टवर असतो, मश्रूमच्या डब्यावर असतो. त्याचं काम तेवढंच आहे, त्याच्यावर आपलं ओझं टाकू नका.

आता मूळ प्रश्न. भाजण्यात दोष आहे का?

पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार आपण सगळ्यांनी पाठ केलेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. स्वयंपाक ही आरंभी हिंसा. चूल पेटली, पाणी उकळलं, केर काढला की जीव जातात. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, म्हणून त्यानं यत्नानं, बघून, कमीत कमी करायची. भाकरी भाजणं आरंभी, पापड भाजणं आरंभी, तसंच ढोबळी मिरची भाजणंही आरंभीच. लोखंडाचा तवा सपाट आहे म्हणून पवित्र आणि सळई लांब आहे म्हणून पापी, असं कुठल्या श्रावकाचारात सांगितलंय? आपल्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात थंडीत हुरडा भाजत नाही का? शेतात आगटी करतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं सारतात आणि गरम गरम चोळून खातात. माझे आजोबा गोवरी उलटीपालटी करून, आपटून, खालचे किडे बाजूला सारून मगच आगटीत ठेवायचे. निखारा आपल्याला परका नाही. परकी आहे ती आपली अलीकडची बेफिकिरी.

संकल्पी हिंसेचं मात्र वेगळं. तिथे किती जीव मेले हे नंतर येतं, मनात काय होतं हे आधी. आणि इथेच मला यशोधर राजाची कथा आठवते, जी लहानपणी आजीनं सांगितली होती आणि जिची भीती मला अजून वाटते.

उज्जयिनीचा राजा यशोधर. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमती त्याला देवीपुढे पशुबळी द्यायला सांगते. राजा नाही म्हणतो. आई हट्ट सोडत नाही. शेवटी मधला मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो बळी द्यायचा. जीव नाही, रक्त नाही, नुसतं पीठ. राजा तलवार चालवतो. आणि त्या पिठाच्या कोंबड्यासाठी माय-लेकांना जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागतं, मोर होऊन, कुत्रा होऊन, शेवटी खरोखरची कोंबडा-कोंबडी होऊन. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं ते यावरच. पुष्पदंतांनी अपभ्रंशात, जन्न कवीनं १२०९ मध्ये कन्नडात हीच कथा सांगितली. हजार वर्षं आपले आचार्य आणि कवी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत राहिले, पिठाच्या कोंबड्याची. उगाच का?

आता बाजारात या. सोयाचे चाप मिळतात. काडीवर गुंडाळलेले, आकार कोंबडीच्या तंगडीचा, काडी हाडासारखी बाहेर काढलेली, आणि नाव काय? 'व्हेज लेगपीस'. मैत्रिणींनो, हा पिठाचा कोंबडाच आहे. यात एकही त्रस जीव नसेल, कांदा-लसूण नसेल, तरी तो खाणारा मनात काय धरून खातो? 'अगदी तसंच लागतं' हे कौतुक ज्या पदार्थाचं होतं तो आपल्या ताटात का यावा? 'तसंच' म्हणजे कशासारखं? माझा आक्षेप असेल तर इथे आहे. सळईला नाही, नकलेला आहे. म्हणून माझ्या घरी हा पदार्थ होतो, पण त्याला कबाब म्हणायचं नाही. टिक्काही नाही. 'भाजलेल्या भाज्या' म्हणायचं. पोरं हसतात. हसू देत. शब्द तोंडात बसला की त्याच्यामागून भाव येतो, हे त्या संदेश लिहिणाऱ्या आक्कांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. फक्त त्यांनी निशाणा चुकीच्या वस्तूवर धरला.

मी घरी कसं करते ते लिहिते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

चातुर्मासात नाही. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार, कोळसा ओलसर, भाज्यांत अळ्या. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे हिरवी भाजी नसतेच. उरलेल्या दिवसांत, दुपारी चारला शेगडी. थंडीत सूर्य सहाच्या आसपास जातो आणि दोन घटिका आधी ताट आवरायचं, म्हणजे उशीर करून चालत नाही.

कच्ची केळी हा माझा बटाटा. सालीसकट अर्धवट उकडायची, साधारण दहा मिनिटं, मग सोलून जाड काप. पूर्ण उकडली तर सळईवर फुटते. ढोबळी मिरची नेहमी उभी चिरून, आतून बघून. देठाजवळ अळी लपते आणि बाहेरून छिद्रही दिसत नाही. आख्खी मिरची भरून भाजणं मी म्हणूनच सोडलं. लाल भोपळा, काकडी, अननस, बेबी कॉर्न. टोमॅटो ज्यांना चालतो त्यांनी घट्ट बघून घ्यावा. फ्लॉवर मी आणत नाही, त्याचे तुरे किती झाडले तरी मनाचं समाधान होत नाही. पनीर घरचंच. एक लिटर म्हशीच्या दुधाचं, लिंबू पिळून, साधारण २०० ग्रॅम होतं. फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.

मसाल्यात दही हवं असेल तर बेसन नाही. दाटपणाला मी ज्वारीचं पीठ कोरडं भाजून घालते, दोन चमचे पुरे होतात आणि खमंगपणा बेसनापेक्षा कमी नाही, उलट मला जास्तच आवडतो. दही आदल्या रात्रीचं, मर्यादेतलं, बांधून पाणी काढलेलं. तिखट, हळद, जिरेपूड, ओवा हातावर चोळून, आमचूर, काळं मीठ, आल्याऐवजी सुंठ. हिंग थोडा. ज्यांना दहीच नको त्यांनी चिंचेचा कोळ आणि तेल घ्यावं. वरून लावायला तूप. ब्रशचे केस कशाचे असतात ते दुकानदाराला विचारलंत तर तोही गप्प होतो, म्हणून मी स्वच्छ फडक्याची पुरचुंडी काडीला बांधते. तुकडे सगळे सारखे, नाहीतर अननस जळतो आणि भोपळा कच्चा राहतो. सळई चपटी स्टीलची घ्या, गोलवर तुकडे गरगर फिरतात. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास गाळलेल्या पाण्यात भिजवा.

आता एका काकूंनी मला फोन करून एक शंका विचारली. या सगळ्या वादात खरी शंका ती एकच होती. गॅसवर तव्यात होतं तेच कोळशावर करून आरंभ वाढवायचा कशाला? काकूंचं बरोबर आहे. म्हणूनच दहापैकी आठ वेळा मी गॅसवर बिडाच्या तव्यावरच करते, सळई आडवी ठेवून, फिरवत. कोळसा वर्षातून दोन-तीनदा. तोही पोत्यातून सरळ ओतायचा नाही. पोत्यात पाली, झुरळं घर करतात. ताटात पसरून एकेक तुकडा आपटून घ्यायचा. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा कधीच पेटवू नका; त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणसं झोपल्या जागी जातात. आणि काम झालं की निखाऱ्यावर पाणी ओतायचं नाही. अग्निकाय आणि जलकाय दोन्हींची हिंसा, शिवाय तांब्याभर गाळलेलं पाणी वाया. वर पत्र्याचं झाकण ठेवून आपोआप विझू द्यायचं. राख पूर्ण गार झाल्यावरच मातीत.

तरीही कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नकोच ना ते. मुलं साठीची असती तर मीही तेच म्हटलं असतं. ती पंचविशीतली आहेत. त्यांना धुराचा वास लागलेली भाजी आवडते, आणि आवडण्यात पाप नाही. घरी मिळाली नाही तर ती साडेनऊच्या टेबलावर, त्या एका ब्रशखाली जाऊन खातील आणि येऊन सांगतील जैनच होतं म्हणून. धाकटा परवा आला तेव्हा मी त्याच्याकडूनच मिरच्या चिरून घेतल्या. एका मिरचीत अळी निघाली. त्यानं ती पानासकट उचलून कुंपणाशी नेऊन ठेवली आणि बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'तिथे कोण बघत असेल गं हे?' मी काही बोलले नाही.

सासूबाईंचं ताट अजून देवघराशेजारच्या फळीवरच आहे. पण त्या दिवशी त्या परसाच्या पायरीवर येऊन बसल्या. कोळसे मी नीट आपटले का ते बघितलं, दोन परत आपटायला लावले. उन्हं उतरायला लागली तशी आत हाक मारून वेळ विचारली. शेवटी म्हणाल्या, 'सळईवरचं नको मला. केळ्याचे दोन काप काढून माझ्या ताटलीत दे.'

दिले.

हा लेख मी ग्रुपवरही टाकतेय. हात जोडलेली चित्रं पाठवू नका. चूक असेल तिथे लिहा, नाव घेऊन लिहा. आणि दही-ज्वारीच्या पिठाचं प्रमाण कुणाला हवं असेल तर वाटीभर बांधलेल्या दह्याला दोन चमचे.

जय जिनेंद्र.